साडेतीन हजारांचं घड्याळ: लेझर मेजर सव्वा वर्ष वापरल्यावर

पहिल्याच महिन्यात या डबीनं, म्हणजे लाल ठिपका मारून अंतर मोजणाऱ्या लेझर मेजरनं, माझे अकरा पाइप घालवले. उचगावकडच्या एका गोडाऊनच्या शेडला दोन ट्रसच्या मधे बसणारे ११ फुटांचे स्क्वेअर पाइप हवे होते. कापले, वर चढवले, तर प्रत्येक पाइप साडेचार इंच आखूड. एखादा चुकला असता तर कटरवाल्या पोरावर ओरडता आलं असतं. अकराच्या अकरा सारखेच आखूड म्हणजे माप घेणाराच येडा, आणि माप मीच घेतलं होतं. खाली उतरलो, खिशातली टेप काढली आणि डबीच मोजली. साडेचार इंच. तेव्हा ट्यूब पेटली. माप डबीच्या मागच्या कडेपासून धरायचं की पुढच्या, हे ठरवणारं एक बारकं बटण तिच्यावर आहे. ते खिशात दाबलं गेलं होतं. मी डबीची पाठ लोखंडाला टेकवत होतो आणि ती आपल्या नाकापासून मोजत होती.

हे आधी लिहिलं, कारण पुढं कौतुक बरंच आहे आणि ते वाचून कोणीतरी आजच दुकानात जायचा.

मी कोल्हापुरात, उद्यमनगरात फॅब्रिकेशन करतो. पत्र्याची शेड, ग्रिल, रेलिंग, गेट, जिने. वडिलांपासूनचं वर्कशॉप आहे. मशीन शाहूपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानातनं घेतलं, बिलासकट साडेतीन हजारांना. कंपनीचं नाव लिहीत नाही. या किमतीतली तीन वेगवेगळी मशीनं माझ्या हाताखालून गेली आणि तिन्ही त्याच त्या ठिकाणी अडखळली, त्यामुळं एकाच कंपनीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. माझं आहे ते ४० मीटरचं, लाल ठिपक्याचं, दोन बारीक पेन्सिल सेलवर चालणारं. खोक्यावर अचूकता लिहिली आहे अधिक-उणे २ मिलिमीटर. आपल्या भाषेत, एका सुतापेक्षा (इंचाच्या आठव्या भागापेक्षा) कमी.

दुकानदारानं देताना सांगितलं, "डिजिटल टेप आहे साहेब, काय टेन्शन नाही." माझं म्हणणं आहे की सगळा घोळ इथंच होतो. ही टेप नाही. हे घड्याळ आहे. डबीतनं प्रकाश निघतो, भिंतीवर आपटतो, परत येतो आणि डबी त्याला लागलेला वेळ काढते. मग प्रकाशाचा वेग माहीत आहे म्हणून अंतर सांगते. हे एकदा डोक्यात बसलं की ही कुठं बरोबर सांगणार आणि कुठं फसवणार, हे साइटवर जायच्या आधीच कळायला लागतं. खोक्यातल्या कागदावर यातलं एक अक्षर नाही. त्यावर बारा भाषांत फक्त 'डोळ्यात मारू नका' असं लिहिलंय.

मी बी.एस्सी. फिजिक्स दुसऱ्या वर्षाला सोडलं, वडिलांचं दुखणं निघालं म्हणून. त्यामुळं अर्धवट का होईना, हा विषय डोक्यात आहे. आमच्या मिस्त्रींना तो नको होता. वडिलांच्या वेळेपासूनचे आहेत, त्यांचा विश्वास टेपवर आणि ओळंब्यावर. अकरा पाइपांच्या दिवशी ते काही बोलले नाहीत, आणि ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी हळूच म्हणाले, "मालक, ह्यो ठिपका भितीवर जाऊन परत येतोय म्हंता. त्येला येळ किती लागतो?"

खडू घेतला आणि पत्र्यावरच मांडलं. प्रकाशाचा वेग सेकंदाला २९,९७,९२,४५८ मीटर. फुटात काढलं की गंमत होते: एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, प्रकाश जवळजवळ एक फूट जातो. नेमकं सांगायचं तर ३० सेंटिमीटर, फुटाला अर्धा सेंटिमीटर कमी. म्हणून आपला हिशेब सोपा, फुटाला एक नॅनोसेकंद. ११ फूट जायचं आणि ११ यायचं, झाले २२ नॅनोसेकंद. शेतातला गुंठा ३३ बाय ३३ फुटांचा, त्याची एक बाजू ओलांडायला साधारण ३३ नॅनोसेकंद. मुंबईला पावणेचारशे किलोमीटर धरले तर सव्वा मिलिसेकंद. महालक्ष्मी एक्स्प्रेसला तेवढ्यालाच अख्खी रात्र लागते.

मिस्त्रींनी पत्र्याकडं बघितलं आणि बरोबर जागेवर बोट ठेवलं. "आन सुताला?"

तिथंच खरी मेख आहे. एक सूत म्हणजे सव्वातीन मिलिमीटरच्या आसपास. तेवढं अंतर प्रकाश साडेदहा पिकोसेकंदांत कापतो, आणि पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग. २ मिलिमीटरची अचूकता हवी तर जाण्यायेण्याचे ४ मिलिमीटर झाले, म्हणजे १३ पिकोसेकंदांचा फरक ओळखता आला पाहिजे. साडेतीन हजारांच्या डबीत इतकं बारीक स्टॉपवॉच बसवणं परवडत नाही. मग ती करते काय?

हे मी पुतण्याला हलगीवरून समजावलं, आणि मला वाटतं यापेक्षा बरं उदाहरण माझ्याकडं नाही. गावच्या यात्रेत माळावर कुस्त्या चालू आहेत, हलगीवाला सेकंदाला दोन ठोके मारतोय. लांबून बघाल तर त्याची काठी पडलेली आधी दिसते, आवाज मागनं येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे काठी आणि आवाज यांत किती अंतर पडलंय ते ओळखलं, तर तुम्ही किती लांब उभे आहात ते घड्याळ न बघता सांगता येईल. ठोक्यांचा मेळ किती बिघडलाय एवढंच बघायचं. मशीन तेच करतं. ठिपका आपल्याला स्थिर दिसतो, पण त्याची चमक सेकंदाला कोट्यवधी वेळा कमी-जास्त होत असते. परत आलेल्या चमकेची लय निघालेल्या लयीच्या किती मागं पडली, ते आतलं सर्किट बघतं. ठोक्याचा हजारावा भाग मागं पडला तरी ते ओळखतं.

पण यात एक चकवा आहे. हलगीवाल्यापासून बरोबर १७० मीटरवर उभं राहिलात तर काठी आणि आवाज पुन्हा एकत्र येतात, कारण ऐकू येतोय तो मागचा ठोका. तुम्हाला वाटणार, आपण हलगीच्या शेजारीच उभे आहोत. मशीनलाही हा धोका असतो. समजा चमक सेकंदाला १० कोटी वेळा बदलते, तर दर दीड मीटरला सगळं पुन्हा जुळल्यासारखं दिसणार. म्हणून ती एकाच लयीवर थांबत नाही, दोन-तीन वेगवेगळ्या लयी वाजवते. एका लयीत दीड मीटरवर आणि तीनवर सारखंच वाटलं तरी दुसऱ्या लयीत वाटत नाही. बटण दाबल्यावर ती अर्धा सेकंद विचार करते ना, त्यात हे चाललेलं असतं. पुतण्या म्हणाला, "म्हणजे काका, दोन हलग्या." हो, दोन हलग्या.

आता मिस्त्रींच्या टेपची बाजू. ती कमजोर नाही, आणि हे लेझर विकणारा कधी सांगत नाही. चांगल्या टेपवर रोमन आकड्यात २ असा शिक्का असतो. त्याचा अर्थ असा की ५ मीटरला तिची चूक १.३ मिलिमीटरच्या आत. म्हणजे खिडकीच्या ग्रिलला, दाराच्या चौकटीला, ५ मीटरच्या आतल्या कुठल्याही कामाला शिक्क्याची टेप लेझरपेक्षा सरस आहे. लेझर जिंकतं ते लांबवर. त्याच शिक्क्याच्या ३० मीटर टेपला ६.३ मिलिमीटरपर्यंत सूट आहे. तीही २० अंश तापमानाला, आणि टेप व्यवस्थित ताणलेली असेल तर. एप्रिलमध्ये पत्र्यावर पडलेली पोलादी टेप ५० अंशांला पोचते. ३० मीटरला ती एक सेंटिमीटर वाढते. मधे झोळ पडला तो वेगळाच. प्रकाशालाही हवेचं तापमान लागतं, नाही असं नाही. पण ३० अंश फरकानं ३० मीटरला जेमतेम एक मिलिमीटर.

या हवेबद्दल एक सांगायलाच पाहिजे. वर दिलेला वेग पोकळीतला. हवेत प्रकाश दहा हजार भागांत साधारण पावणेतीन भाग मंद चालतो. ऐकायला काहीच नाही, पण ३० मीटरला ते ८ मिलिमीटर होतात, अडीच सूत. मशीन बनवणाऱ्यांनी ते आधीच वजा करून ठेवलेलं असतं. म्हणजे तुमच्या हातातली डबी गृहीत धरून बसली आहे की तुम्ही हवेत उभे आहात. हे गृहीत मोडलं की माप मोडलं.

ते कसं मोडतं ते बघायला मी एक रविवार घालवला. आमच्या दाजींचं शोभेच्या माशांचं दुकान आहे. त्यांच्याकडची ३ फूट लांबीची रिकामी टाकी घेतली, एका टोकाच्या काचेला बाहेरनं पांढरा कार्ड चिकटवला आणि दुसऱ्या टोकाच्या काचेला डबी सरळ लावून लांबी मोजली. ३ फूट आणि वर थोडं, ठीक. मग टाकी काठोकाठ भरली. काच तीच, कार्ड तोच, डबी तिथंच. माप आलं ४ फुटांच्या वर. तीन वेळा घेतलं, तेच. दाजी म्हणाले, "पाणी पिऊन टाकी फुगली काय?" टाकी तेवढीच होती. पाण्यात प्रकाशाला जवळजवळ एक तृतीयांश वेळ जास्त लागतो, आणि डबीला वेळ तेवढा कळतो. तिनं जास्त वेळ बघितला आणि जास्त अंतर सांगितलं. ती खोटं बोलली नाही, आपण तिला चुकीच्या जागी विचारलं.

पाण्यात प्रकाश मंद होतो की जलद, यावर एके काळी विद्वानांत दोन तट होते. प्रकाश म्हणजे कण मानणाऱ्यांच्या हिशेबानं तो पाण्यात जलद व्हायला हवा होता, लाटा मानणाऱ्यांच्या हिशेबानं मंद. १८५० साली पॅरिसमध्ये फूकोनं फिरत्या आरशानं दाखवलं की मंद होतो. मी ते दाजींच्या दुकानात, गप्पी माशांच्या साक्षीनं बघितलं. बटण दाबायच्या आधी छातीत धडधडत होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये असं कधी झालं नव्हतं.

साइटवर पाणी मधे येत नाही, पण काच येते. राजारामपुरीत एका शोरूमचं काम होतं, आत जायला किल्ली नव्हती, म्हणून बाहेरनंच १२ मिलिमीटरच्या काचेतून मागची भिंत मोजली. माप ६ मिलिमीटर जास्त आलं, म्हणजे दोन सूत. काचेत प्रकाश दीडपट वेळ घेतो, त्यामुळं काचेच्या जाडीच्या निम्मं माप वाढतं. हे मला आधी माहीत होतं म्हणून वजा केलं. तुम्ही शक्यतो काचेतून मोजूच नका, कारण ठिपक्याचा थोडा प्रकाश काचेवरूनच परत येतो आणि कधीकधी डबी भिंतीऐवजी काचेचंच अंतर सांगते. आरशाची कथा आणखी निराळी. त्याच भागात एका पार्लरमध्ये १० फुटांच्या खोलीत मला १८ फूट माप मिळालं. ठिपका आरशावर तिरका पडून समोरच्या भिंतीवर गेला होता. मालकीणबाई म्हणाल्या, "बघा, मी म्हणत होते ना दुकान मोठं आहे."

सगळ्यात जास्त दमवलं ते गुऱ्हाळानं. भोगावतीच्या काठाला एका गुऱ्हाळाचा पत्रा बदलायचा होता. मी पोचलो तेव्हा चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस रटरटत होता आणि वाफ आढ्यापर्यंत भरलेली. ठिपका वर मारला तर हवेत लाल रेघच दिसायला लागली, सिनेमात दिसते तशी. बघायला लई भारी, मापाला बेकार. एकदा ३ फूट, एकदा १९, मग एरर, मग परत ५. रेघ दिसते याचाच अर्थ प्रकाश वाटेतच वाफेच्या थेंबांवर आपटून परत फिरतोय. वाफेनं तो मंद झालेला नसतो, विखुरलेला असतो. गुळव्या माझी धडपड बराच वेळ बघत होता. शेवटी म्हणाला, "पावणं, उद्या रसाला उकळी फुटायच्या आत या." दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला गेलो. एका दाबात माप. जाताना त्यानं ताज्या गुळाचा खडा हातावर ठेवला, त्या बदल्यात आदल्या दिवसाचा फुकट गेलेला डिझेलचा खर्च मी विसरलो.

वाफेवरून आठवलं. आमची आई दर वर्षी अंबाबाईच्या किरणोत्सवाला जाते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: देवी पश्चिमेला तोंड करून आहे, आणि नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखेला आणि ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारीला मावळतीची किरणं महाद्वारातून सरळ गाभाऱ्यात येतात. पहिल्या दिवशी पायांवर, दुसऱ्या दिवशी वर सरकत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर. यंदा तिला निघताना मी सांगितलं, की आई, जे किरण तू बघणार ते सूर्यापासून निघून सव्वाआठ मिनिटं झालेली असतात, आणि महाद्वारापासून पुढचा रस्ता त्याला फुटाला एक नॅनोसेकंद. आई चपला घालत म्हणाली, "येऊ दे की सावकाश. ढग येऊ नयेत म्हणजे झालं." तिचा मुद्दा माझ्यापेक्षा बरोबर होता. किरणोत्सव चुकतो तो ढगानं, धुरळ्यानं, हवेतल्या दमटपणानं, नाहीतर वाटेत उभ्या राहिलेल्या बांधकामानं. वेगाचा तिथं काही प्रश्न येत नाही. गुऱ्हाळात माझंही तेच झालं होतं.

काळ्या दगडाबद्दलही सांगून ठेवतो. जुन्या वाड्याच्या काळ्या पाषाणाच्या भिंतीवर, काळ्या ग्रॅनाइटवर, ताज्या रेड-ऑक्साइड किंवा काळ्या प्रायमर मारलेल्या अँगलवर डबी चाचपडते. प्रकाश कमी परत येतो, मग ती तीन-चार सेकंद घेते आणि कधी हात टेकते. उपाय साधा, लग्नपत्रिकेची पांढरी मागची बाजू लावा. पेटीत कायम दोन पत्रिका असतात. लग्नं आपल्याकडं कमी नाहीत.

उन्हात मात्र उपाय नाही. खोक्यावरचे ४० मीटर हे सावलीतले आहेत. दुपारी बारा वाजता उघड्यावर १२-१५ मीटरपुढं ठिपका डोळ्याला दिसतच नाही, मग तो कशावर पडलाय ते देवाला ठाऊक. मोठ्या शेडची मापं मी आता सकाळी सातच्या आत नाहीतर दिवेलागणीला घेतो. याच कारणासाठी बांधावर ही डबी नेऊ नका. आमच्या गावी एका पावण्यानं "तुझं ते लाल मशीन आण, बांध मोजून टाकू" म्हणून तीनदा फोन केला. उन्हात ठिपका दिसणार नाही आणि दिसला तरी मोजणी खात्याच्या नकाशापुढं त्याला कोण विचारतंय? वर भावाभावांत वाईटपणा माझ्या नावावर.

आता इतिहासातलं थोडं, कारण ते मला आवडतं. गॅलिलिओनं म्हणे दोन माणसं लांब उभी करून कंदिलांची झाकणं उघडायची कल्पना मांडली होती. समजा एक कोल्हापुरात आणि एक २० किलोमीटरवर पन्हाळ्यावर उभा केला. जाऊन यायला प्रकाशाला लागणार १३३ मायक्रोसेकंद. कंदील उघडायचा हात हलायलाच त्याच्या हजारपट वेळ जातो. जमणं शक्यच नव्हतं. जमीन सोडून आकाशात बघितलं तेव्हा पहिलं उत्तर मिळालं. १६७६ साली रोमर नावाच्या डेन्मार्कच्या माणसानं गुरूच्या चंद्राच्या ग्रहणांच्या वेळा मागंपुढं होतात हे पकडलं आणि प्रकाशाला वेळ लागतो असं सांगितलं.

पण माझा माणूस फ्रान्सचा फिझो. १८४९ साल. त्यानं ७२० दात्यांचं चाक घेतलं. दात्यांच्या फटीतनं प्रकाश सोडला, ८,६३३ मीटरवरच्या आरशावरून परत आणला. चाक सेकंदाला १२.६ फेऱ्या फिरलं की प्रकाश परत येईपर्यंत फटीच्या जागी दाता आलेला असायचा आणि उजेड बंद. एवढ्यावरून त्यानं सेकंदाला ३,१३,००० किलोमीटर काढले. साडेचार टक्के जास्त, पण गिअरच्या दात्यांनी! मी हे आमच्या गल्लीतल्या गिअर हॉबिंगवाल्याला सांगितलं. त्याला प्रकाशाचं काही पडलं नव्हतं. त्यानं एवढंच विचारलं, "७२० दाते, आणि पिच, दोन दात्यांमधलं अंतर, सारखा ठेवला? १८४९ ला?" दोन मिनिटं गप्प बसला. उद्यमनगरात यापेक्षा मोठी दाद मिळत नाही.

आपल्या डबीचा खरा पूर्वज स्वीडनचा. बर्गस्ट्रँड हा जमीन मोजणाऱ्या खात्यातला माणूस. १९४० च्या दशकात तो माहीत अंतरावर प्रकाश सोडून वेग मोजत होता. मग त्यानं तेच यंत्र उलटं वापरलं: वेग माहीत धरला आणि अंतर मोजलं. सुरुवातीची ती यंत्रं उचलायला माणसं लागायची. माझी डबी शर्टच्या खिशात मावते (आणि तिथंच बटण दाबलं जातं).

शेवटचा टप्पा १९८३ चा. तोपर्यंत वेग मोजत होते, त्या वर्षी मोजणंच थांबवलं. उलट ठरवलं की प्रकाश पोकळीत एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जेवढा जातो, त्यालाच मीटर म्हणायचं. त्याआधी १९६० पर्यंत पॅरिसजवळ ठेवलेली एक धातूची पट्टी म्हणजे मीटर होती. फूट तर मीटरवरच बसवलेला आहे, ०.३०४८ मीटर. हे मिस्त्रींना सांगितलं तेव्हा ते टेप गुंडाळत होते. "म्हंजे माझी टेप बी ह्येच्यावरनंच छापली?" म्हटलं, फिरून फिरून हो. त्यांनी टेपचं नाक बोटानं हलवून बघितलं. नाक किंचित ढिलं असतं, ते तसंच असावं लागतं, पत्र्याच्या जाडीएवढं. मग म्हणाले, "छापणाऱ्यानं चूक केली तर?" याला उत्तर म्हणजे तो रोमन २.

पुतण्याचा प्रश्न मात्र वेगळा होता. शिरोलीहून येताना टेम्पोत बसल्या बसल्या त्यानं पुढच्या ट्रकवर ठिपका मारला आणि विचारलं, टेम्पोचा स्पीड प्रकाशात मिळत असेल ना? नाही मिळत. टेम्पोतून सोडा, रॉकेटमधून सोडा, पुढं सोडा, मागं सोडा, वेग तोच. १८८७ मध्ये मायकेलसन आणि मोर्ले या शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या धावण्यानं प्रकाशाच्या वेगात पडणारा फरक शोधायचा प्रयत्न केला, सापडला नाही. १९०५ मध्ये आइन्स्टाइननं ते मुळातच धरून पुढचं सगळं उभं केलं, आणि त्यासाठी वेळ-अंतरालाच वाकवलं. पुतण्याला पटलं नाही. पटायला मलाही दोन वर्षं लागली होती आणि तोवर कॉलेज सुटलं. माप अर्थातच चुकलं, पण त्याचं कारण साधं. ६० च्या स्पीडला टेम्पो सेकंदाला साडेसोळा मीटर जातो आणि ट्रक काय एका जागी थांबलेला नसतो. डबीला अर्धा सेकंद स्थिर माणूस लागतो. आणि गाडीतून दुसऱ्या ड्रायव्हरकडं लेझर मारणं हा गाढवपणा आहे, त्याबद्दल त्याला बोललोच.

डोळ्यांचं गांभीर्यानं घ्या. हे लेझर एक मिलिवॉटच्या आतलं आहे, चुकून क्षणभर डोळ्यावर आलं तर आपण पापणी मिटतो आणि निभावतं. पण गणपतीच्या मिरवणुकीतल्या लेझरनं डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या आहेत. साइटवर लहान पोरं ठिपक्यामागं मांजरासारखी धावतात. त्यांच्या हातात देऊ नका.

बाकी बटणांपैकी क्षेत्रफळाचं रोज वापरतो, पत्र्याचं कोटेशन जिन्यावरच तयार होतं. पायथागोरसचं बटण आहे, लांबून उंची काढायचं. हात जरा हलला की तीन-चार इंच इकडंतिकडं, नाद सोडा. फूट-इंचात वाचन सोळाव्या भागात येतं, त्याची सुतं करायला मिस्त्री वैतागतात. म्हणून आम्ही मिलिमीटर ठेवलेत आणि मिस्त्री मनातल्या मनात भागतात. सेल आठ-नऊ महिने चालले. सेलच्या झाकणाची कडी पहिल्याच पावसाळ्यात तुटली, तेव्हापासून रबरबँड आहे. दुकानात बदलून मागितली तर "झाकण वॉरंटीत येत नाही".

घ्यावं का? तुमचं काम खोलीच्या आतलं, ग्रिल-खिडक्यांचं असेल तर शिक्क्याची चांगली टेप घ्या आणि उरलेल्या पैशात ग्राइंडरची चाकं. शेड, गोडाऊन, उंच छत, एकट्यानं मापं घ्यायची असतील तर डोळे झाकून घ्या (घेताना झाका, वापरताना उघडे). शिडी आणि टेपचं दुसरं टोक धरायला लागणारा माणूस, दोन्ही वाचतं. पाचपैकी चार तारे. एक तारा झाकणासाठी आणि त्या बटणासाठी कापला.

त्या बटणावर मिस्त्रींनी आता एम-सील थापून टाकलंय. आणि आखूड पाइपांपैकी सात गेल्या महिन्यात एका गेटला लागले. चार अजून वर्कशॉपच्या कोपऱ्यात उभे आहेत, १० फूट साडेसात इंचांचे, चौकोनी, प्रायमर मारलेले. कोणाला हवे असतील तर सांगा, मापं टेपनं घेतली आहेत.